माझ्या मैत्रिणीचे डॉक्टर

एखादा माणूस स्वतःच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढतो आणि त्याचं टेबल करतो, तेव्हा गावाला दोनच शक्यता दिसतात. एक तर तो वेडा असावा, नाही तर वेड्यांचा डॉक्टर. पेणमध्ये आमच्या डॉक्टरांबद्दल दोन्ही मतं होती. आता नातवंडांना दटावण्याच्या वयात मी म्हणू शकते की दोन्ही पक्षांचं थोडं थोडं बरोबर होतं. तेव्हा म्हणाले नसते. तेव्हा मी मानसशास्त्राची नुकतीच एम.ए. झालेली, रोह्याच्या कॉलेजात नुकतीच लागलेली आणि जगातल्या सगळ्या मनांची किल्ली आपल्या पर्समध्ये आहे अशा चालीनं चालणारी बाई होते. पर्सही केवढी! तिच्यात पुस्तक मावत नसे, म्हणून ते हातात, नाव लोकांना वाचता येईल असं बाहेर करून धरायचं.

डॉक्टरांची खोली एका गणपतीच्या कारखान्याच्या वर होती. खाली शाडूचे ढीग, साचे आणि बिनहातांचे, बिनसोंडेचे गणपती रांगेनं वाळत ठेवलेले. त्यांच्यामधून अंग चोरत जिन्याकडे जायचं. कारखाना काकींचा. काकी म्हणजे गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारी, तोंडात सुपारी ठेवून बोलणारी खमकी बाई. वर कुणी पेशंट गेला की त्या रेडिओ मोठा करायच्या, म्हणजे वरचं बोलणं खाली ऐकू येऊ नये. डॉक्टरांच्या खोलीला दार नव्हतं, त्याची भरपाई काकींनी अशी केली होती. झालं असं, की रेडिओचा आवाज वाढला की अख्ख्या आळीला कळायचं, आज वर कुणीतरी आलंय.

आणि डॉक्टर बसायचे उंबरठ्यावर. दारच नाही, पण उंबरठा ठेवलेला. पेशंट आत खिडकीशी, खिडकीतून चिंचेचं झाड दिसेल असा. आणि डॉक्टर त्याच्याकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, त्यावर शाडूचे डाग.

"पाठ का करता तुम्ही?" मी पहिल्याच भेटीत विचारलं. मी पेशंट म्हणून नव्हते आले. एका विद्वानानं दुसऱ्या विद्वानाची भेट घ्यावी तशी आले होते.

"माणूस बोलायला लागला की तो खोलीत मावत नाही," ते म्हणाले. "मी आत बसलो तर त्याला जागा कमी पडते."

हे कुठल्या पुस्तकात आहे ते मला आठवेना, म्हणून मी ते चुकीचं आहे असं ठरवलं.

मी वर्गात अबोध मन शिकवायची ते हिमनग काढून. निळ्या खडूनं समुद्र, पांढऱ्या खडूनं बर्फाचा शेंडा, आणि खाली, पाण्यात बुडालेला भलामोठा डोंगर. चित्र फार सुंदर यायचं माझं. समोर बसलेल्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो कोळणीच्या पाटीत. एकीनं विचारलंसुद्धा, "बाई, वरचा बर्फ आधी वितळतो का खालचा?" मी तिला रागावले. हे सगळं मी डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग पुस्तकातलं दुसरं चित्र सांगितलं: मन म्हणजे घर, आणि अबोध मन म्हणजे त्याचं तळघर.

डॉक्टर तेवढ्यासाठी वळले.

"पेणात तळघर कोणाकडे आहे गो?"

"म्हणजे?"

"तुझं गाव खाडीकाठचं. तुमच्याकडे आहे? हातभर खणलं की खारं पाणी लागतं. नको झालेली वस्तू तुझी आई कुठे टाकते?"

"माळ्यावर."

"मग? आपलं सगळं वर असतं, डोक्यावर. मोडका पाळणा, मेलेल्या आजोबांची काठी, कोणीतरी परत न्यायला येणार होतं ती पेटी. खाली माणसं जेवतात, झोपतात, भांडतात, आणि वर उंदीर धावला की सगळे एकदम गप्प होऊन आढ्याकडे बघतात. ज्यांनी तळघराचं लिहिलं त्यांच्याकडे तळघरं होती. त्यांनी बरोबर लिहिलं. तू का खाली खणत बसलीस?"

मी एसटीत बसून रोह्याला परत येईपर्यंत त्यांना द्यायची उत्तरं तयार करत होते. नागोठण्यापर्यंत फार छान उत्तरं सुचली. एकही दिलं नाही.

डॉक्टरांची रीत अशी होती. पेशंट आला की त्याला खालच्या शाडूचा एक गोळा द्यायचा आणि म्हणायचं, "घर मांड." पोरी भातुकलीत मांडतात तसं, त्या दार-टेबलावर. मग बारीक बारीक चौकशा. दार कुठल्या बाजूला उघडतं? आत येताना पहिलं कोण दिसतं? तू कुठे निजायचास? कोणत्या खोलीत जायला तुला विचारावं लागायचं? कुणी स्वप्न सांगायला लागलं, की स्वप्नात काय झालं ते राहू दे, म्हणायचे, कुठे झालं ते सांग. पेशंट गेला की घर मोडून माती पुन्हा काकींच्या ढिगात. काकी ती भिजवून मळून साच्यात भरायच्या. म्हणजे किती जणांच्या भीतीचे गणपती होऊन पाटावर बसले, आरत्या घेतल्या आणि वाजतगाजत पाण्यात गेले, त्याची मोजदाद नाही.

लोकांना मात्र वाटायचं, हे घराचं बघणारे डॉक्टर. पेणजवळच्या जोह्याचा एक गृहस्थ आला तो नव्या घराचा नकाशा गुंडाळी करून. मी तिथेच होते.

"डॉक्टरसाहेब, नवा बंगला बांधला. बायको तवापासून जेवत नाय, झोपत नाय. चुलीची जागा चुकली का तेवढं बघा. लोकं सांगतात, तुमी बघता."

मी पुढे सरसावले. हे वास्तू वगैरे बघत नाहीत, हे मनोविश्लेषक आहेत, असं मला सांगायचं होतं. डॉक्टरांनी हातानंच मला गप्प केलं.

"बघतो. बायकोला घेऊन ये."

ती आली. पदर डोक्यावर, नजर खाली. शाडूचा गोळा हातात घेतल्यावर मात्र बोटं भराभर चालायला लागली. जोहे म्हणजे घरोघरी गणपती घडवणारं गाव; तिथली बाई, मातीत हात घालूनच मोठी झालेली. तिनं जुनं घर मांडलं. पण सुरुवात केली ती मागच्या दारापासून. मागचं दार, त्याच्याबाहेर एक दगड, दगडाशेजारी दुसरा दगड.

"हा दुसरा कोणाचा?"

"चुलतजावेचा. भांडी घासायला बसायचो ना आमी." एवढं म्हणून ती जी रडायला लागली, ती खाली काकींनी रेडिओ आणखी मोठा करेपर्यंत.

नव्या घराला मागचं दार नव्हतं. मागे सलग सिमेंटची भिंत. नवऱ्यानं हौसेनं बांधलेली; चोर येऊ नये म्हणून.

"चुलीच्या मागच्या भिंतीत दार फोड," डॉक्टर नवऱ्याला म्हणाले. "आणि बाहेर दोन दगड टाक. दोन."

तो आनंदला. "म्हंजे दोष व्हताच!"

"होता."

तो जिना उतरतो न उतरतो तोच मी फणकारले. "तुम्ही अंधश्रद्धा पसरवताय! त्याला वाटलं वास्तुदोष."

"वास्तूतच होता की."

"पण खरं कारण अबोध पातळीवर..."

"प्राध्यापकबाई," डॉक्टर म्हणाले, "तिला जेवायचंय. तुझी पातळी तिला वाढायची का?"

महिन्याभरानं तो गृहस्थ पोह्यांचं गाठोडं घेऊन आला. बायको जेवत होती. चुलतजाऊही बऱ्याचदा तिथेच जेवत होती, अशी त्याची आता नवी तक्रार होती.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगते.

त्या वर्षी मला एक दुखणं लागलं. वर्गात शिरायचे, हजेरी घ्यायचे, शिपाई बाहेरून दार ओढून घ्यायचा आणि माझा आवाज जायचा. घोगरा व्हायचा नाही, साफ जायचा. ओठ हलायचे आणि समोर ओळीनं बसलेली तोंडं माझ्याकडे बघत राहायची. दार उघडून व्हरांड्यात आले की आवाज हजर! मी ज्येष्ठमध चघळला, खडीसाखर चघळली, खडूच्या धुळीला शिव्या दिल्या. एकीला उभं करून धडा वाचायला लावायचे, फळ्यावर भरपूर लिहायचे. हिमनग तर इतक्या वेळा काढला की पोरींना तो तोंडपाठ झाला. घशाच्या डॉक्टरांनी घसा बघून सांगितलं, घसा उत्तम आहे.

गंमत बघा. मन दुखावलं की शरीर कसं बोलायला लागतं, हा धडा मी त्याच महिन्यात शिकवत होते. म्हणजे शिकवायचा प्रयत्न करत होते. आपला आपल्याशी काही संबंध आहे हे मात्र डोक्यात आलं नाही.

वर्षअखेर प्राचार्य माझा तास बघायला बसणार होते. त्यावर नोकरी कायम होणार की जाणार, ते ठरायचं होतं. गेली असती तर मला गावी परतावं लागलं असतं. आमच्या खाडीकाठच्या गावातून कॉलेजात शिकवायला गेलेली मी पहिली. बाप मिठागरावर राबणारा; लग्नाची स्थळं त्यानं माझ्या हट्टापायी परत पाठवलेली. ती रांग पुन्हा दारात उभी राहायला एक दिवस लागला नसता.

बुधवारी मला दुपारनंतर तास नसायचा. एका बुधवारी पेण गाठलं, जिना चढले आणि म्हणाले, "डॉक्टर, माझी एक मैत्रीण आहे. तिला एक त्रास होतोय."

डॉक्टर उंबरठ्यावरून सरकले. "आत बस. खिडकीशी. सांग मैत्रिणीचं."

सगळं सांगितलं. मैत्रीण कुठे शिकवते ते मात्र खरं सांगितलं नाही, मी पनवेल म्हणाले. डॉक्टर जिन्याकडे बघत होते.

"आवाज जातो, तो कुठे जातो?"

"कुठे म्हणजे? जातो."

"गेलेली वस्तू कुठे तरी जाते. मैत्रिणीला विचारून ये."

पुढच्या बुधवारी मी विचारून आले. हो, विचारून! एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला चक्क विचारत होते, काय गं, कुठे जातो? शेजारच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर घेतली. उत्तर आलं ते मी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. "मैत्रीण म्हणते, वर जातो. टाळूकडे."

"हं. तिचं घर मांड."

"माझ्या मैत्रिणीचं घर मला काय ठाऊक?"

"जवळची मैत्रीण आहे ना? अंदाजानं मांड."

मांडलं. ओटी, माजघर, चूल, पडवी, पलीकडे खाडीचा बांध. बांध जरा उंचच केला. डॉक्टरांनी अनेक बुधवार त्या घराबद्दल चौकशा केल्या. घर दर वेळी मोडायचं, दर वेळी नवं मांडायचं. एकदा ते मान वळवून टेबलाकडे बघत म्हणाले, "तुमच्या खाडीकाठी माळा नसलेलं घर मी अजून बघितलं नाही. मैत्रिणीच्या घराला नाही?"

मी चिडले. "राहिला असेल. विसरली असेल ती!"

"विसरली असेल तर उत्तम. आता ठेव."

शाडूची एक चपटी पट्टी केली आणि माजघरावर ठेवली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आवाज गेला. तिथेच, डॉक्टरांच्या खोलीत, जिथे दारसुद्धा नव्हतं. खाली रेडिओवर शेतमालाचे भाव सांगत होते. डॉक्टरांनी मागे बघितलं नाही. घाई केली नाही. मी रडले की घामाघूम झाले ते आठवत नाही. खिडकीतली चिंच तेवढी आठवते.

मग हळूहळू मैत्रिणीची गोष्ट बाहेर आली. ती लहान असताना उधाणाच्या भरतीला बांध फुटला. तिन्हीसांजेला पाणी घरात शिरलं. मोठी माणसं बांधाकडे पळाली. जाताना सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना माळ्यावर चढवलं, आणि शिडी बांधाच्या कामाला लागणार म्हणून घेऊन गेली. आई खालून वर बघत म्हणाली, "तू मोठी हायस गो. तू रडायचं नाय. तू रडलीस तं ही सगली रडतील." बाहेरून दार ओढून घेतलं. आणि मैत्रीण माळ्यावर बसली. खाली भांडी तरंगत एकमेकांवर आपटत होती. समोर भावंडं ओळीनं बसलेली, सगळी तिच्या तोंडाकडे बघत. ती रडते का, ते बघत. ती रडली नाही. ओरडलीही नाही. पाणी उतरल्यावर माणसं आली तेव्हा सगळ्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. शानी पोर, म्हणाले. पुढे कित्येक दिवस म्हणत राहिले.

आवाज परत येत होता. मला तर युरेका झालं. "सापडलं डॉक्टर! वर्ग म्हणजे माळा! ती तोंडं म्हणजे भावंडं! आता कारण कळलं, आता ती बरी होणार!" पुस्तकात तसंच होतं. कारण सापडलं की पुढच्या परिच्छेदात पेशंट बरा.

डॉक्टरांनी पायजम्यावरची माती झटकली. "कारण सापडलं, बरं झालं. पण पोरगी अजून वरच आहे ना? शिडी कुठाय?"

त्यांचं म्हणणं तेव्हा मला कळलं नाही. कळल्यासारखी मान मात्र हलवली. त्या वयात ती कला मला उत्तम येत होती.

तासाचा दिवस आला. प्राचार्य मागच्या बाकावर बसले. मी हजेरी घेतली. शिपायानं नेहमीसारखं दार ओढून घेतलं, आणि झालं. कारण मला ठाऊक होतं, माळा ठाऊक होता, सगळं ठाऊक होतं. आवाज गेला तो गेलाच. पोरी बघतायत. प्राचार्य चष्मा पुसून बघतायत. मी फळ्याकडे वळले, निळा खडू उचलला, आणि वाटलं, हा हिमनग काढला की संपलं सगळं. खडू ठेवला. चालत दाराशी गेले, दार सताड उघडलं, आणि उंबरठ्यावर उभी राहिले. एक पाय आत, एक व्हरांड्यात. कुंडलिका नदीवरून वारा येत होता. पाठ निम्मी वर्गाकडे, निम्मी बाहेर.

"आपल्याकडे," मी म्हणाले, आणि माझाच आवाज ऐकून दचकले, "आपल्याकडे तळघर नसतं. तुमच्या घरी नको झालेल्या वस्तू कुठे टाकतात?"

"माळ्यावर!" अख्खा वर्ग ओरडला.

तासाची घंटा झाली तेव्हा पोरी आपापल्या माळ्यावर काय काय आहे ते सांगत होत्या आणि थांबायला तयार नव्हत्या. प्राचार्य माझ्याजवळ आले. "बाई, तास चांगला झाला. पण तुम्ही दारात का उभ्या होतात?"

"विषयाची गरज होती, सर."

नोकरी कायम झाली. निवृत्त होईपर्यंत मी उंबरठ्यावरूनच शिकवलं. पोरी मला दारातल्या बाई म्हणायच्या. दाराबाहेरून जाणारे शिपाईसुद्धा अर्धंमुर्धं मानसशास्त्र शिकले.

पेढे घेऊन पेणला गेले. खाली काकी आखणी करत होत्या. हातातला ब्रश न हलवता म्हणाल्या, "काय गो मास्तरणी, मैत्रीण बरी झाली वाटतं? पेढं मोठं आनलंस." वर गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "माझ्या मैत्रिणीची नोकरी कायम झाली."

त्यांनी पेढा खाल्ला. "तिला माझा नमस्कार सांग."

सांगावंसं खूप वाटलं, की अहो, ती मीच. त्याऐवजी दुसरा पेढा पुढे केला. पुढे लग्न, संसार, पोरंबाळं. अधूनमधून भेट व्हायची. दर वेळी डॉक्टर विचारायचे, "मैत्रीण?" मी म्हणायची, "बरी आहे." दर वेळी ठरवायची, पुढल्या भेटीत सांगू.

मग रोह्यापर्यंत रेल्वे आली. काकी गेल्या, आणि डॉक्टर खोली सोडून रोह्यालाच आपल्या विधवा बहिणीकडे राहायला आले. म्हणजे माझ्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे. एका बुधवारी मी गेले, तर बहीण दारातच दबक्या आवाजात म्हणाली, "बरं झालं आलीस. काल पेणहून येताना रोह्याच्या अलीकडे, निडीलाच उतरला. स्टेशनवर बसून होता. कोणीतरी ओळखलं म्हणून आणून सोडलं."

डॉक्टर आत खिडकीशी बसले होते. उंबरठ्यावर नव्हते. खिडकीशी. मला बघून हसले. माझं नाव आठवत नसावं, कारण हसू जरा जास्तच मोठं होतं.

"बरी आलीस," ते म्हणाले. "माझा एक मित्र आहे. त्याला हल्ली एक त्रास होतोय."

मी उभीच राहिले.

"त्याला निडी आली की रोहा आलं असं वाटतं. घरात मोरीकडे जायला निघतो आणि दुसऱ्याच कोणाच्या घरात निघतो. भिंती सरकतात, म्हणतो. घाबरतो फार. कोणाला सांगू नको म्हणालाय."

मी बहिणीकडून भाकरीसाठी मळलेल्या पिठाचा गोळा मागून घेतला, पाटावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवला आणि उंबरठ्यावर जाऊन बसले. पाठ त्यांच्याकडे, तोंड रस्त्याकडे, गुडघे पोटाशी. गुडघे कुरकुरले, पण बसले.

"मित्राचं घर मांडा," मी म्हणाले.

बराच वेळ मागून पिठाचा मऊ आवाज येत होता. मग ते म्हणाले, "दार सापडत नाही."

"दार काढून ठेवलंय डॉक्टर. त्याचं टेबल केलंय."

"हां!" ते खूश झाले. "हां, टेबल केलंय. बरोबर." आणि बोटं पुन्हा चालायला लागली.

तेव्हा मला राहवलं नाही. पाठमोरीच म्हणाले, "डॉक्टर, आवाज जायचा ती माझी मैत्रीण आठवते? ती मीच होते."

मागचा आवाज थांबला.

"तू?" त्यांच्या स्वरातलं आश्चर्य खरं होतं की त्यांचं जुनं सोंग, ते मला आजही कळलेलं नाही. "मग सांगायचं नाही का गो? मी एवढी वर्षं तिची काळजी करतोय!"

दोघंही हसलो. आतून बहीणही हसली. हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "मग, तो मित्रसुद्धा..."

"त्याचा निरोप आणत जा," मी मध्येच म्हणाले. "त्याला आणायची गरज नाही. मी दर बुधवारी येते."

गेले. दर बुधवारी गेले. मित्र हळूहळू सगळी घरं विसरत गेला. पेणचं, रोह्याचं, स्वतःच्या आईचंसुद्धा. पण मी उंबरठ्यावर टेकले की खिडकीशी बसलेले डॉक्टर शेवटच्या बुधवारपर्यंत आधी एकच विचारायचे, "तुझी मैत्रीण बरी आहे ना गो?"

"बरी आहे," मी रस्त्याकडे बघत म्हणायची. "खाली उतरलीय."